आंघोळीआधीची गोळी

माझं तोंड लहानपणापासून फटकळ. कुणाचं काही चुकलं की मी आधी बोलून मोकळी होणार, विचार मागाहून. अप्पा, म्हणजे माझे वडील, लग्नाआधी हसत म्हणायचे, "हिला सासरी दोन दिस गप बसायला लावा, तिसऱ्या दिशी ही आपली आपण चाकूरला परत येती बघा." तसं काही झालं नाही. लातूरला मी चार वर्षं नांदले. परत आले ती तोंडामुळं नव्हे, आजारामुळं. पण त्या आजारपणात माझं तोंड एकदाच असं सुटलं, की ते आजवर मला पुरून उरलं आहे.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. नवरा आधी उस्मानाबादला कारकून होता. जिल्हा वेगळा झाला तशी त्याची बदली लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत झाली. (आता मी 'त्याची' म्हणते. तेव्हा अहो-जाहो करायची.) सासूबाईंना आभाळ ठेंगणं झालं. रंगारी गावभर पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून लातूर लिहीत होते, आणि आमच्या सासूबाई आल्यागेल्याला ऐकवायच्या, "आता आमी जिल्ह्याच्या ठिकाणचे." घर दोन खोल्यांचं, तेही भाड्याचं. पण रुबाब असा, की जणू कलेक्टरच आमच्या ओसरीवर चहाला येतो.

तिथंच मला ते सुरू झालं. आधी नुसता थकवा. कणीक मळता मळता हात थांबायचे. मग अंग भरायला लागलं. खाणं निम्म्यावर आलं तरी वजन वाढतच होतं. सकाळी तोंड सुजलेलं, पापण्या जड. केस विंचरले की फणीत झुबका. भुवयांची टोकं गळून गेली. आवाज बसला तो बसलाच, पुरुषासारखा जाडा झाला. पाळी कधी तीन-तीन महिने यायची नाही, आली की थांबायची नाही. आणि थंडी! लातूरच्या उन्हाळ्यात लोक अंगणात ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसायचे, आणि मी आत वाकळ पांघरून कुडकुडायची.

सासूबाईंनी निकाल लावून टाकला होता. मी आळशी. "खाऊन खाऊन पोतं झालंय आन् पोरबाळ तर न्हाईच," हे त्या माझ्यासमोर शेजारणीला सांगायच्या. पूर्वीची मी असते तर एकाला दोन ऐकवली असती. पण खरं सांगते, उत्तर सुचून ओठावर येईपर्यंत शेजारीण आपल्या घरी गेलेली असायची. डोकंच चालत नव्हतं. माझ्यासारखीला याहून मोठी शिक्षा नाही.

दोन डॉक्टर झाले. रक्त कमी आहे म्हणून टॉनिक झालं, लोहाच्या गोळ्या झाल्या. फरक शून्य. मग मार्गशीर्षात एका रविवारी नवऱ्यानं मला चाकूरला आणून सोडलं. म्हणाला, "बरी हो, मग न्यायला येतो." एसटीच्या टपावरून माझी लोखंडी पेटी उतरवली तेव्हा अप्पांचा चेहरा पडला. आठ दिवसांसाठी माहेरी येणारी लेक पिशवी घेऊन येते. पेटी घेऊन येत नाही. एवढं न कळायला गावात कुणी आंधळं नव्हतं.

आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिचं माहेर उदगीरच्या पलीकडचं, कर्नाटकाच्या शिवेला लागलेलं, त्यामुळं तिच्या मराठीत कानडी मिसळलेलं असायचं. अंगानं काटकुळी, बोलायला कमी. माझं तोंड तिच्याकडून आलेलं नाही हे नक्की. तिनं पेटी एका बाजूनं धरली, अप्पांनी दुसऱ्या, आणि आत नेऊन ठेवली. मला एक शब्द विचारला नाही. नुसती माझ्या सुजलेल्या गालावरून बोटं फिरवत राहिली.

अप्पांचं बाजारात कापडाचं छोटं दुकान होतं. त्यांनी ओळखीनं मला लातूरच्याच आणखी एका डॉक्टरांकडं नेलं. त्या भल्या माणसानं माझा गळा चाचपला, आवाज ऐकला आणि म्हणाले, "हे माझ्या हातचं नाही. गळ्यातल्या ग्रंथीचं दिसतंय. नांदेडला हैदराबादहून एक मोठे डॉक्टर येतात, महिन्याच्या पहिल्या रविवारी. फक्त हार्मोनचं बघतात. त्यांना दाखवा." हार्मोन हा शब्द अप्पांनी कागदावर लिहून घेतला आणि घरी येईपर्यंत दहा वेळा वाचला.

चाकूरहून नांदेड म्हणजे अहमदपूर, लोहा करत तीन-साडेतीन तासांची एसटी. दवाखाना स्टेशनाजवळ होता. बाहेर बाकांवर ही गर्दी. कुणाच्या गळ्याला लिंबाएवढी गाठ, कुणी नुसतं हाडाचं माप, एक मुलगी बारा वर्षांची पण उंची पाच वर्षांच्या पोरीएवढी. मी त्यांच्याकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, म्हणजे अशी माणसं आणखी आहेत तर.

डॉक्टर वयस्क होते. पांढरा शर्ट, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं हैदराबादी. त्यांनी मला खुर्चीवर गुडघे टेकवून उलटं बसवलं आणि टाचेच्या वर छोट्या हातोडीनं ठोकलं. पाऊल हललं. मग सावकाश, अगदी सावकाश जागेवर आलं. अप्पांना म्हणाले, "देखे? पाँव गया तो गया, वापस आने को सोच रहा." पुन्हा ठोकून दाखवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बेटी, तुमको सब आलसी बोलते क्या घर में?"

मी मान हलवली.

"आलसी नहीं है तुम. बीमार है."

मी तिथंच हमसून रडले. वर्ष-दोन वर्षांत कुणी एवढं एक वाक्य बोललं नव्हतं. अप्पा खिडकीबाहेर बघत उपरण्यानं डोळे टिपत होते.

रक्त काढून हैदराबादला गेलं. पुढच्या महिन्यात अहवाल आला. थायरॉइड नावाची गळ्यातली ग्रंथी कामच करत नाही, असं निघालं. औषध एकच, टिकलीएवढी पांढरी गोळी. ती हातात ठेवून डॉक्टरांनी आम्हा दोघांना बजावलं, निम्मं हिंदीत, निम्मं मोडक्या मराठीत. सकाळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्यासोबत. पुढं एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. एकही दिवस चुकवायचा नाही. "तीन महीने में ये लड़की दौड़ेगी. लिखके लेओ मेरे से."

अप्पांनी त्याच संध्याकाळी लातूरला पत्र टाकलं. आजार कळला आहे, औषध सापडलं आहे, तीन महिने द्या. उत्तर आठ दिवसांत आलं. अक्षर नवऱ्याचं, पण बोलणं सगळं सासूबाईंचं. अक्षयतृतीयेपर्यंत वाट बघू, तोवर सुधारणा नसेल तर घरचे वेगळा विचार करतील. मी पत्र दोनदा वाचलं. अक्षयतृतीयेला अजून तीन महिन्यांना जरा वर अवकाश होता. पुरेल, असं वाटलं. माझं घर त्या एका गोळीवर होतं.

आता आमच्या घरची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. सकाळी आंघोळ करायची, भस्म लावायचं, लिंग डाव्या तळव्यावर घेऊन पूजा करायची, तीर्थ घ्यायचं, आणि मग तोंडात काय घालायचं ते घालायचं. सगळ्याच घरांतून इतकं कडक नसतं. आमच्याकडं होतं, कारण अव्वाकडं होतं. लहानपणी शाळेला उशीर झाला तरी पूजेआधी तिनं पाण्याचा घोट घेऊ दिला नव्हता.

अप्पांनी डॉक्टरांचं सांगणं तिला जसंच्या तसं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. काही चुकून ऐकलं, समजलं नाही, असं मुळीच नाही. मग म्हणाली, "पूजा झाली की देते."

अप्पा म्हणाले, "अगं, उठल्या उठल्या म्हणालेत ते."

"औषध झालं तरी तोंडातच जातंय की. शिवाआधी गोळी? नको गं बाई. शिवाला सोडून बरं कोण करणाराय हिला?"

अप्पा गप्प झाले. आणि मीही. मला भांडायचं बळ नव्हतं हे खरं, पण तेवढंच खरं नाही. मलाही भीती वाटली. जन्मात कधी पूजेआधी काही गिळलं नव्हतं. आधीच अंगावर हे दुखणं. त्यात आणखी कशाला दोष, असंच माझ्याही मनात आलं. तेव्हा सगळं अव्वावर ढकलून मला मोकळं होता येत नाही.

पाणी असतं तरी निभलं असतं. पहाटे आंघोळ, पूजा, गोळी. पण त्या वर्षी पाऊस कोरडाच गेला होता. माघात आमच्या गल्लीतल्या आडाला गाळ लागला, फाल्गुनात तो ठणठणीत. मग टँकर. तो एक दिवसाआड यायचा, कधी दोन दिवसांनी, आणि यायचा तो सकाळी दहाला, नाहीतर दुपारी एकला. घरागणिक चार घागरी. बायका झिंज्या उपटायच्या एकमेकींच्या. पुरुषमाणसं मठातल्या आडावर जाऊन दोन तांबे अंगावर घेऊन यायची, त्याला थोडं पाणी होतं. बायकांना तिथं कुठं जाता येतंय.

झालं असं, की माझी आंघोळ टँकरवर, पूजा आंघोळीवर आणि गोळी पूजेवर. कधी ती अकराला पोटात गेली, कधी दीडला. आणि तोवर पोटात असा खड्डा पडलेला असायचा, की गोळी, चहा आणि भाकरी सगळं एकदमच. वरून लातूरच्या डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्या चालूच होत्या, त्याही त्याच घासाला. तासभर थांबायचं कुणाला आठवतंय?

तरी एक होतं. टँकर आला नाही त्या दिवशीही माझी आंघोळ व्हायची. अव्वा कोपऱ्यातल्या घागरीतून बादलीभर पाणी काढून न्हाणीत ठेवायची आणि मला हलवून उठवायची. "ऊठ बाई, न्हाऊन घे, गोळी चुकायची." मी विचारायची, "तुझी झाली?" ती म्हणायची, "माझी कवाच झाली, पहाटंच." मी जेवायला बसले की ती भांडी घासत असायची, नाहीतर घागरी घेऊन रांगेत गेलेली. "मी जेवले मागं," म्हणायची. मी कशाला चौकशी करते? मला माझ्या वाकळेत शिरायची घाई.

चैत्र लागायच्या आत नांदेडची तिसरी खेप झाली. फरक नाही. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून बघत राहिले. अप्पांना विचारलं, "गोली बराबर देते ना? जैसा बोला वैसा?" अप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं. अप्पा म्हणाले, "हाव साहेब, बराबर." डोक्यावर पांढरी टोपी, कपाळाला भस्म, आणि आयुष्यात गिऱ्हाइकाशी गजभर कापडाचं खोटं न बोललेला माणूस! घरच्या रितीची परक्यासमोर चर्चा नको, एवढंच त्यांच्या मनात. डॉक्टरांनी डोस वाढवला आणि पुन्हा रक्त काढलं.

चौथ्या खेपेला अक्षयतृतीया बारा दिवसांवर आली होती. अप्पांच्या पायात काटा मोडून पू झाला होता, त्यांना चालवेना. म्हणून पहिल्यांदाच अव्वा माझ्याबरोबर निघाली. टँकर दोन दिवस आला नव्हता. घागरीत तळाला होतं तेवढं पाणी अप्पांचा पाय धुवायला ठेवलं आणि आम्ही दोघी पारोशाच पहाटेची एसटी धरली. अव्वानं फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. म्हणाली, "नांदेडात नदी हाय, नळ हायती. कुठंतरी न्हाऊ, मग तुझी गोळी घेऊ."

लोह्याच्या पुढं ऊन चढलं. अव्वा खिडकीच्या दांडीला डोकं टेकून बसली होती. ओठ पांढरे पडले होते. मी विचारलं, तर म्हणाली, गाडी लागती मला.

आमचा नंबर यायला साडेअकरा झाले. डॉक्टरांच्या टेबलावर माझा नवा अहवाल उघडा होता. त्यांनी जुना अहवाल काढून त्याच्याशेजारी ठेवला. मग म्हणाले, "डोस बढ़ाया मैं. फिर भी वैसा का वैसा. ऐसा होता नहीं." चष्मा काढून पुसला. "आज गोली खाए?"

मी म्हणाले, "हाव."

"न्हाई," अव्वा शेजारून म्हणाली. "कुठून खाती? आंघोळ कुठं झालीय तिची."

डॉक्टरांनी चष्मा परत लावला आणि पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. "अम्मा, आंघोळीचा नि गोळीचा क्या संबंध?"

अव्वाला खोटं बोलता येत नसे आणि त्यात लपवायचं काय हेही तिला कळत नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. लिंगपूजा, आड, टँकर, भाकरी, चहा. "एक दिवस चुकवली न्हाई साहेब. देवाशपथ." ती हे मोठ्या समाधानानं म्हणाली. शाबासकी मिळेल असंच तिला वाटत असावं.

डॉक्टर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळू आवाजात समजावलं, की ही गोळी चहा-भाकरीबरोबर गेली की अंगाला लागतच नाही, आणि लोहाच्या गोळीबरोबर तर नाहीच नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तीन महीने खाली गए, बेटी. अब शुरू से गिनो."

मी मनात मोजलं. बारा दिवस.

आणि माझं तोंड सुटलं. कित्येक महिन्यांत जे शब्द वेळेवर येत नव्हते ते सगळे त्या एका क्षणी कुठून आले, शिव जाणे. त्या फाटक्या, जाड्या आवाजात मी अव्वावर ओरडले. दार उघडं होतं, बाकांवरची माणसं आत डोकावत होती. "तुझ्या सोवळ्यानं खाल्ला माझा संसार! घर मोडलंस तू माझं. तू आई न्हाईस, वैरीण हाईस." मला आठवतं तेवढं हे. आणखीही असेल.

अव्वानं मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

डॉक्टर एकटे माझ्याकडं बघत नव्हते. ते तिच्या हाताकडं बघत होते. त्यांनी उठून तिच्या मनगटाच्या वरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली. "अम्मा, तुम कब खाए?"

"खाईन की आता. न्हाले की."

"वो नहीं. पिछला खाना कब? पानी कब पिए?"

अव्वानं हात पदराखाली ओढून घेतला. डॉक्टरांनी सिस्टरला हाक मारली. ती भोकरकडची, चांगली ठसठशीत बाई. तिनं पेल्यात पाणी आणलं. अव्वानं हात जोडले, नको म्हणाली. सिस्टर तिच्याजवळ उकिडवी बसली आणि आपल्या बोलीत विचारलं, "आज्जे, खरं सांग. कवापासून उपाशी हायस?"

"परवा सांजच्याला जेवले होते," अव्वा म्हणाली. "मग पाणीच न्हाई आलं."

"आन् लेकीची गोळी तर चुकली न्हाई म्हणती तू. मग तिच्या आंघोळीला पाणी कुठलं?"

"एका बादलीचंच होतं. तिची गोळी चुकली असती."

तेव्हा मला कळलं. टँकर नसलेल्या प्रत्येक दिवशी घरात एका बाईची आंघोळ होईल एवढंच पाणी होतं आणि ती आंघोळ माझी होत होती. 'माझी पहाटंच झाली' हे खोटं होतं. खोटं न बोलता येणाऱ्या बाईनं ते दोन महिने प्रत्येक वेळी न चुकता सांगितलं होतं. तिची आंघोळ नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून दिवसभर पाण्याचा थेंब नाही. संध्याकाळी कुण्या शेजारणीनं तांब्याभर पाणी दिलं तर अंगावर घ्यायची, पूजा करायची आणि कोर-चतकोर खायची. नाही दिलं तर तशीच झोपायची. त्या उन्हाळ्यात. आणि टँकरच्या रांगेत उभीही तीच राहायची.

मला वाटलं जमीन दुभंगावी. मी सिस्टरच्या हातातला पेला घेऊन तिच्या तोंडाशी धरला. "पी, अव्वा. तुझ्या पाया पडते, पी."

तिनं पेला हातानं धरला, पण प्यायली नाही. कमरेच्या पिशवीतून माझी गोळ्यांची बाटली काढली. एक गोळी माझ्या तळव्यावर ठेवली आणि पेला मला परत दिला.

"तू खा आधी. अशीच. पारोशी." मग डॉक्टरांकडं बघून विचारलं, "चालतंय ना साहेब, आता? पोटात काय न्हाई तिच्या रात्रीपासून."

डॉक्टर म्हणाले, "चलता अम्मा."

"खा बाई. पाप लागलं तर माझ्या माथी."

मी तिच्यासमोर ती गोळी गिळली. जन्मात पहिल्यांदा आंघोळीआधी काही तोंडात घातलं. मी गिळलं याची खात्री होईपर्यंत तिनं माझ्या गळ्याकडं बघितलं, आणि मगच सिस्टरचा हात धरून मागच्या न्हाणीकडं गेली. नळाच्या पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. ती बाहेर आली, भिंतीकडं तोंड करून खाली बसली आणि लिंग तळव्यावर घेतलं. बाकांवरचे लोक बोलायचे थांबले. तीर्थाचा तो घोट घेताना तिला ठसका लागला. सिस्टरनं पाठ थोपटली. डॉक्टर तोवर पुढच्या पेशंटला आत बोलवायचं विसरून दारात उभे होते.

परतीच्या गाडीत तिनं भाकरीचे दोन भाग केले आणि मोठा मला दिला. मला माफी मागायची होती. आज मागू, उद्या मागू करत राहिले. चूक काढायला माझं तोंड सदा तयार, पण माफी मागणं त्याला कधी जमलंच नाही.

घरी आल्यावर अप्पा लंगडत मठात गेले आणि स्वामींना विचारून आले. स्वामी म्हणाले, "आजाऱ्याला कसला नेम? आन् पाणी नसंल तर भस्म हाय की. भस्म लावा, पूजा करा, खा-प्या. तुमी विचारलं का न्हाई आधी?" आधी विचारलं नव्हतं, कारण विचारायचं म्हणजे लेक पेटीसकट घरी आली आहे हे मठात सांगायचं. अव्वानं हे सगळं चुलीपुढं बसून ऐकलं. त्या दिवसापासून पहाटे तांबडं फुटायच्या आत ती मला उठवून गोळी द्यायची आणि स्वतः भस्म लावून पूजेला बसायची. लोहाची गोळी दुपारवर गेली.

अक्षयतृतीया आली आणि गेली. लातूरहून कुणी आलं नाही, पत्रही नाही. ज्येष्ठात माझी वाकळ सुटली. एक दिवस मला उकडलं. उकडलं! मी अंगणात येऊन पदरानं वारा घेत उभी राहिले, तर अव्वा तोंडावर हात घेऊन बघत राहिली. आषाढात तोंडाची सूज उतरली, आवाज पातळ झाला, भुवया यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले होते तसं अगदी तीन महिन्यांत. फक्त मोजणी शुरू से.

नवरा आला नाही. कोर्टाचे कागद आले. दोघांच्या संमतीनं सोडचिठ्ठी, माझी सही तेवढी बाकी. मागाहून कळलं, त्याची दुसरी सोयरीक अक्षयतृतीयेच्याही आधीच ठरली होती. पत्रातली मुदत नुसती दाखवायला होती. म्हणजे माझी गोळी पहिल्या दिवसापासून वेळेवर पोटात गेली असती तरी त्यांनी तेच केलं असतं.

हे कळलं तेव्हा मला दुःखाआधी सुटल्यासारखं वाटलं. मी कागद घेऊन अव्वाकडं गेले. ती उंबऱ्यात बसून ज्वारी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि अखेर म्हणाले, "अव्वा, ऐक. त्येचं सगळं आधीच ठरलं होतं. गोळीचा काय संबंध न्हाई. घर त्येनी मोडलं, तू न्हाई मोडलंस."

ती खडे वेचत राहिली. "हाव," म्हणाली.

"त्या दिवशी दवाखान्यात मी बोलले ते रागाच्या भरात. ते खरं नव्हतं. चुकलं माझं."

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्या बऱ्या झालेल्या तोंडाकडं बघितलं, गालावरून हात फिरवला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, कुरकुर नव्हती. एखादी घडलेली गोष्ट सांगावी तसं ती म्हणाली,

"पण तू म्हणली होतीस."